वास्को द गामाची पहिली सफर नकाशावर कशी मांडावी

1498 साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, हे वाक्य शाळेत पाठ झालेले असते आणि त्याच्या शेजारी एक नकाशाही असतो. त्या नकाशात लिस्बनपासून निघालेली एक गोलसर रेषा आफ्रिकेला वळसा घालते आणि केरळच्या किनाऱ्यावर बाणाच्या टोकाने संपते. ही रेषा जहाजे कोठून कोठे गेली एवढेच सांगते. ती अशीच का गेली, कोठे खोळंबली, जाताना चोवीस दिवसांत पार केलेला समुद्र परतताना ओलांडायला जवळजवळ तीन महिने का लागले, यांपैकी कशाचेही उत्तर तिच्यात मिळत नाही. ते मिळवायचे असेल तर नकाशा स्वतः काढावा लागतो. दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या असल्या तर हे काम घरी बसून करता येते. मात्र त्याचा क्रम सवयीच्या उलट ठेवावा लागतो: कागदावर प्रथम वारे मांडावेत, नंतर तारखा लिहाव्यात आणि मार्गाची रेषा सर्वांत शेवटी ओढावी.

साहित्य

अटलांटिक आणि हिंदी महासागर दोन्ही पूर्णपणे दिसतील असा जगाचा कोरा आराखडा मोठ्या आकारात छापून घ्यावा. त्यावर अक्षांश-रेखांशांची जाळी असलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीही साधणार नाही. त्यावर ठेवण्यासाठी ट्रेसिंग पेपरचे चार ताव, चार रंगांच्या पेन्सिली, खोडरबर, पट्टी आणि साधा दोरा एवढे पुरते. अंतर मोजण्यासाठी नकाशाच्या तळाशी छापलेल्या प्रमाणपट्टीवर विसंबू नये. जगाच्या नकाशात विषुववृत्ताजवळचे आणि ध्रुवाकडचे प्रमाण सारखे राहत नाही. त्याऐवजी ज्या भागातले अंतर मोजायचे आहे त्याच उंचीवरची बाजूच्या कडेवरील अक्षांशांची खूण वापरावी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 सागरी मैल, म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. दोरा रेषेवर ठेवून नंतर त्या कडेवर ताणला की हिशेब होतो. जुने दर्यावर्दी दोन टोकांच्या कंपासने हेच करीत असत.

नोंदवही आणि पंचांगाची दुरुस्ती

या सफरीतल्या बहुतेक तारखा एकाच कागदपत्रातून येतात. ताफ्यातल्या कोणीतरी लिहिलेली ही रोजनिशी असून तिची सोळाव्या शतकातली नक्कल पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. ती प्रथम 1838 मध्ये छापली गेली आणि 2013 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत तिची नोंद झाली. लिहिणाऱ्याचे नाव तीत नाही. आल्वारो वेल्यो या खलाशाला तिचे श्रेय देण्याचा प्रघात आहे. मजकुरावरून तो वास्कोच्या नव्हे, तर त्याचा भाऊ पावलो याच्या जहाजावर असावा असे दिसते. नकाशा काढणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण धुक्यात किंवा वादळात जहाजांची ताटातूट झाली की नोंदवही पावलोच्या जहाजाचा ठावठिकाणा सांगते, प्रमुखाच्या जहाजाचा नव्हे.

नोंदवहीतल्या तारखा जुन्या जूलियन पंचांगाच्या आहेत. आपण वापरतो ते ग्रेगोरियन पंचांग 1582 मध्ये सुरू झाले आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी या दोहोंत नऊ दिवसांचा फरक होता. प्रवास किती दिवस चालला हे मोजताना या फरकाने काही बिघडत नाही. वाऱ्यांशी आणि पावसाशी तारखा ताडून पाहताना मात्र बराच फरक पडतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याशेजारी दोन तारखा लिहाव्यात, एक नोंदवहीतली आणि दुसरी नऊ दिवस पुढची कंसात. 20 मे 1498 ही तारीख त्यामुळे ऋतूच्या हिशेबाने 29 मे ठरते, आणि केरळात मोसमी पाऊस साधारण 1 जूनला येतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नऊ दिवसांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अंतरासाठी नोंदवहीत लीग हे पोर्तुगीज माप येते. एक लीग सुमारे सहा किलोमीटरची धरावी. खोली सांगताना येणारे माप आपल्या वाव या मापासारखेच, पसरलेल्या दोन हातांएवढे आहे.

पहिला थर: वारे

ट्रेसिंग पेपरच्या पहिल्या तावावर अटलांटिकचे वारे काढावेत. वाऱ्याचे नाव तो ज्या दिशेकडून येतो तिच्यावरून पडते. ईशान्येचा वारा दाखवायचा असेल तर बाणाचे टोक नैर्ऋत्येकडे हवे. नवशिक्यांची पहिली चूक नेमकी येथेच होते आणि एकदा ती झाली की पुढचा सगळा नकाशा उलटा वाचला जातो.

पोर्तुगालच्या दक्षिणेपासून केप व्हर्दे बेटांपर्यंत ईशान्य व्यापारी वारे दाखवावेत. त्यांच्या खाली, विषुववृत्ताच्या थोड्या उत्तरेला, शांत पट्टा हलक्या रंगाने भरावा. विषुववृत्तापासून साधारण 25 ते 30 अंश दक्षिणेपर्यंत आग्नेय व्यापारी वारे येतात आणि त्याहून दक्षिणेला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा लागतो. याच तावावर निळ्या पेन्सिलीने दोन प्रवाह काढावेत. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा तो बेंग्वेला आणि आग्नेय किनाऱ्याने नैर्ऋत्येकडे धावणारा तो अगुल्हास.

हा ताव आराखड्यावर ठेवून एक प्रयोग करावा. सांतियागो बेटावरून आफ्रिकेच्या किनाऱ्याने केप ऑफ गुड होपपर्यंत पट्टीने फिकट रेषा ओढली, तर तिच्या अर्ध्याहून अधिक लांबीवर वारा आणि प्रवाह दोन्ही समोरून येताना दिसतात. वास्कोच्या दोन मोठ्या जहाजांची प्रमुख शिडे चौकोनी होती, आणि अशी जहाजे पाठीमागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालतात, पण वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाहीत. नकाशावरचा जवळचा मार्ग त्यांच्यासाठी लांबचा होता, एवढे या एका फिकट रेषेतून कळते. ती पुसू नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तावावर हिंदी महासागर काढावा आणि त्यासाठी मुद्दाम दोन वेगळे ताव वापरावेत. एकावर साधारण मे ते सप्टेंबरमधले नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आफ्रिकेकडून भारताकडे जाणारे बाण; दुसऱ्यावर नोव्हेंबर ते मार्चमधले ईशान्य मोसमी वारे, म्हणजे त्याच्या नेमके उलट. एप्रिल आणि ऑक्टोबर हे मधले महिने धरसोडीचे असतात. कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला हे वेळापत्रक शिकवावे लागत नाही, कारण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा समुद्रात लोटण्याचा रिवाज याच वाऱ्यांवर बेतलेला आहे. अरबस्तान, पूर्व आफ्रिका आणि मलबार यांच्या दरम्यानचा व्यापारही कितीतरी शतके याच तालावर चालत होता. वास्को त्या समुद्रात नवखा होता, समुद्र नवा नव्हता.

अटलांटिक: जेथे रेषा तुटक हवी

आता ठिपके. पहिला लिस्बनवर, 38.7 अंश उत्तर आणि 9.1 अंश पश्चिम, तारीख 8 जुलै 1497. येथून चार जहाजे निघाली: वास्कोचे साव गाब्रिएल, पावलोचे साव राफाएल, निकोलाव कुएल्योच्या ताब्यातले लहान बेरियो आणि एक सामानाचे जहाज. एकूण माणसे साधारण दीडशे ते एकशे सत्तर होती. दुसरा ठिपका कॅनरी बेटांजवळ 15 जुलैला आणि तिसरा केप व्हर्देच्या सांतियागो बेटावर, 15 अंश उत्तर आणि 23.5 अंश पश्चिम, येथे 27 जुलै आणि 3 ऑगस्ट अशा येण्याच्या व निघण्याच्या दोन्ही तारखा घालाव्यात. येथवर ईशान्य व्यापारी वारे पाठीशी आहेत, म्हणून या टप्प्यावर थांबण्याचे कारण नाही.

पुढचा निश्चित ठिपका थेट आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाजवळचा आहे. सेंट हेलेना उपसागर, 32.7 अंश दक्षिण आणि 18 अंश पूर्व, जमीन दिसली ती 4 नोव्हेंबरला. मधल्या 93 दिवसांत कोठेही किनारा नाही. पाच वर्षांपूर्वी कोलंबसाने कॅनरी बेटे सोडल्यापासून जमीन दिसेपर्यंत सुमारे पाच आठवडे लागले होते, हे शेजारी लिहून ठेवले तर या आकड्याचा अंदाज येतो. हा टप्पा सफरीतला सर्वांत धाडसी आहे, आणि नोंदवही नेमकी येथेच जवळजवळ मुकी होते. 18 ऑगस्टची नोंद सांगते की सांतियागोपासून 200 लीग दक्षिणेकडे गेल्यावर प्रमुखाच्या जहाजावरचे मोठे शीड ताणून धरणारे आडवे लाकूड मोडले आणि दोन दिवस व एक रात्र थांबावे लागले. 200 लीग म्हणजे सुमारे 1200 किलोमीटर, म्हणून 15 अंश उत्तरेवरून खाली सुमारे 11 अंश मोजून त्या जागी ठिपका नव्हे, तर फिकट वर्तुळ काढावे. हे वर्तुळ आपण रंगवलेल्या शांत पट्ट्याच्या आसपासच पडते.

पुढची नोंद 22 ऑगस्टची आहे. बगळ्यांसारखे पक्षी दिसले, ते रात्री जमिनीकडे जात असल्यासारखे जोराने उडत गेले, आणि त्याच दिवशी एक देवमासा दिसला. ताफा तेव्हा समुद्रात 800 लीग आत होता, असे लिहिणारा म्हणतो. येथे पेन्सिल बाजूला ठेवून हिशेब करावा. चार दिवसांपूर्वी 200 लीग आणि आज 800 लीग हे एकाच ठिकाणापासूनचे माप असेल, तर ताफा रोज 150 लीग, म्हणजे सुमारे 900 किलोमीटर चालला पाहिजे. त्या काळचे कोणतेही जहाज असे चालत नव्हते, आणि मधले दोन दिवस तर दुरुस्तीतच गेले होते. मग तारीख तरी चुकीची उतरली आहे, आकडा तरी चुकला आहे, किंवा हे 800 लीग वेगळ्याच ठिकाणापासून मोजलेले आहेत. आपल्या हाती असलेला मजकूर मूळ नसून नक्कल आहे, हे आठवले म्हणजे यात फारसे नवल वाटत नाही. नकाशावर येथे वर्तुळ काढून त्यात प्रश्नचिन्ह घालावे. नकाशाच्या सौंदर्यासाठी ते गाळण्याचा मोह होतो, पण माझ्या मते या नकाशातली सर्वांत प्रामाणिक खूण तीच असते.

त्यानंतरची नोंद एकदम 27 ऑक्टोबरची: देवमासे आणि सील दिसले. मग 1 नोव्हेंबरला समुद्रावर तरंगणारे शेवाळ, म्हणजे जमीन जवळ आल्याची खूण, आणि 4 तारखेला 110 वाव खोलीवर ओळंबा तळाला टेकला. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतची रेषा म्हणूनच तुटक काढावी लागते. ती कोठून न्यावी हे मात्र वारे सांगतात. आग्नेय व्यापारी वारा डाव्या बाजूने घेत नैर्ऋत्येकडे, ब्राझीलच्या दिशेने, मोठा वळसा. पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात शिरल्यावर पूर्वेकडे वळण. आणि मग आफ्रिका. ही कमान किती पश्चिमेला पोहोचली याची नोंद नाही, म्हणून एकाच रेषेऐवजी दोन तुटक रेषा काढून त्यांच्यामधली जागा हलकी रंगवावी. घराकडे येण्यासाठी आधी घरापासून दूर, खुल्या समुद्रात जाऊन अनुकूल वारा पकडण्याची युक्ती पोर्तुगीज खलाशी गिनीच्या किनाऱ्यावरून परतताना कित्येक दशके वापरत होते. तीच युक्ती दक्षिण गोलार्धात, कितीतरी मोठ्या मापावर, येथे वापरली गेली.

वळसा संपताना ते किती अचूक उतरले हे तपासून पाहण्यासारखे आहे. रेखांश मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. दुपारच्या सूर्याची उंची मोजून आणि आब्राहाम झाकुतो या ज्यू खगोलज्ञाच्या कोष्टकांतून त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनात मोजलेले अंतर, घेऊन अक्षांश काढता येत असे. सेंट हेलेना उपसागरात वास्कोने जमिनीवर उतरून लाकडी अ‍ॅस्ट्रोलेबने, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याच्या उपकरणाने, सूर्य मोजला, असे पुढे इतिहासकार जुआंव द बारुश याने लिहिले. हलत्या डेकपेक्षा स्थिर जमिनीवर मोजमाप चांगले होते. केपला पहिल्यांदा वळसा घालणाऱ्या बार्थोलोम्यू डायस या पोर्तुगीज दर्यावर्द्याबरोबर पूर्वी या भागात येऊन गेलेला पेरो द अलेंकेर हा मार्गदर्शक ताफ्यात होता. केप येथून सुमारे 30 लीग असावे, पण खात्री नाही, असे तो म्हणाला, कारण मागच्या खेपेला जाताना तो किनाऱ्यापासून दूर होता आणि येताना हा भाग रात्री मागे पडला होता. आता दोरा ठेवून उपसागरापासून केपपर्यंत मोजावे. सुमारे 100 सागरी मैल, म्हणजे 185 किलोमीटरच्या आसपास उत्तर येईल. तीस लीग म्हणजे 180 किलोमीटर. तीन महिने आंधळ्या पाण्यातून आल्यावर केलेला हा अंदाज आहे.

केप आणि अगुल्हास

येथे वेगळ्या रंगाने बार्थोलोम्यू डायसचा 1487-88 चा मार्गही काढून ठेवावा: किनाऱ्याने दक्षिणेकडे, मग खुल्या समुद्रात, आणि केप न दिसताच वळसा घालून 3 फेब्रुवारी 1488 रोजी मॉसेल बे, आणि तेथून किनाऱ्याने अल्गोआ उपसागराच्या थोडे पलीकडे. दोन्ही मार्ग मॉसेल बेपाशी एकत्र येतात आणि वास्कोला कोठपर्यंत माहिती होती, कोठून पुढे नव्हती, हे एका नजरेत दिसते.

केप 18 नोव्हेंबरला दिसले, पण दक्षिण-नैर्ऋत्येच्या वाऱ्यामुळे वळसा घालता आला नाही. 22 तारखेला वारा पाठीशी आल्यावर तो घातला गेला. 25 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर मुक्काम मॉसेल बेमध्ये, 34.2 अंश दक्षिण आणि 22.1 अंश पूर्व. येथे सामानाचे जहाज रिकामे करून मोडून टाकले, म्हणून येथून पुढे नकाशावर चारऐवजी तीन जहाजांची खूण करावी. स्थानिक लोकांनी बासऱ्या वाजवल्या, पोर्तुगीजांनी कर्णे वाजवले, दोन्हीकडचे नाचले. जाताना उभारलेला दगडी स्तंभ आणि क्रूस मात्र जहाजे हलताच त्याच लोकांनी पाडून टाकला, तेही जहाजांवरून दिसत असताना.

20 डिसेंबरचा ठिपका महत्त्वाचा आहे आणि बहुतेक नकाशांत तो नसतो. डायसने किनाऱ्यावर उभारलेल्या शेवटच्या दगडी स्तंभाच्या पुढे गेलेला ताफा त्या सकाळी पुन्हा अल्गोआ उपसागरातल्या क्रूसच्या बेटापाशी सापडला. आपल्या हिशेबापेक्षा तो 60 लीग मागे होता. प्रवाहाने त्यांना मागे नेले होते. पहिल्या तावावर काढलेला अगुल्हासचा निळा बाण येथे बरोबर या ठिपक्यावरून जातो. तेथे रेषेला मागे वळणारा छोटा फास काढावा. पुढे पाठीमागून जोराचा वारा मिळाल्यावर त्यांनी प्रवाहावर मात केली आणि नाताळाच्या सुमाराला जो किनारा लागला त्याला नाताल हे नाव दिले.

पूर्व आफ्रिकेचा किनारा

हा भाग भराभर भरता येतो. 11 जानेवारी 1498 ला एका छोट्या नदीपाशी थांबा. 25 जानेवारी ते 24 फेब्रुवारी क्वेलिमानेच्या नदीत, 17.9 अंश दक्षिण. येथे महिनाभर राहण्याचे कारण नकाशावर लिहिलेच पाहिजे: पुष्कळ माणसांचे हातपाय सुजले आणि हिरड्या दातांवर इतक्या वाढल्या की खाता येईना. तो स्कर्व्ही होता. 2 मार्चला मोझांबिक बेट, 15 अंश दक्षिण; तेथून निघाल्यावरही प्रतिकूल वारा आणि प्रवाह यांमुळे मागे यावे लागले आणि मार्च महिना तेथेच संपत आला. 7 एप्रिलला मोंबासा, 14 एप्रिलला मालिंदी, 3.2 अंश दक्षिण आणि 40.1 अंश पूर्व. मोझांबिक बेटापासून पुढे ठिपक्यांची शाई बदलावी, कारण तेथपासून ताफा अरबी व्यापाराच्या जाळ्यात शिरला होता. बंदरात भारतीय व्यापाऱ्यांची जहाजे होती, आणि मार्ग माहीत असलेली माणसे होती.

समुद्र ओलांडणे

मालिंदीच्या राजाने दिलेला मार्गदर्शक घेऊन 24 एप्रिलला ताफा निघाला. हा मार्गदर्शक प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद होता अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. तिला आता अभ्यासकांत आधार उरलेला नाही. नोंदवही त्याला ख्रिस्ती म्हणते, नंतरचे पोर्तुगीज इतिहासकार गुजराती म्हणतात आणि त्यांपैकी काहींनी दिलेल्या मालेमो काना या नावातला पहिला शब्द म्हणजे अरबी मुअल्लिम, जो कच्छ-गुजरातच्या किनाऱ्यावर मालम म्हणून रूढ आहे. ते व्यक्तीचे नाव नसून जहाजाच्या मार्गदर्शकाचा हुद्दा आहे. नकाशावर येथे माणसाचे नाव न लिहिता 'मालम' एवढेच लिहिणे बरे.

आता नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा ताव आराखड्यावर ठेवावा. 24 एप्रिल म्हणजे ऋतूच्या हिशेबाने 3 मे. वारा नुकता फिरू लागला आहे, पण अजून रौद्र झालेला नाही. 29 एप्रिलला खूप दिवसांनी ध्रुवतारा पुन्हा दिसला, असे नोंदवही सांगते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो दिसत नाही, आणि क्षितिजावरच्या धुरकटपणातून वर यायला उत्तरेकडे काही अंश जावे लागते. म्हणजे पाच दिवसांत ताफा 3 अंश दक्षिणेवरून विषुववृत्त ओलांडून बराच उत्तरेला आला होता. त्यामुळे मालिंदीपासून कालिकतकडे सरळ पट्टी ठेवू नये. रेषा आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या दिशेने ईशान्येकडे न्यावी आणि मग पूर्वेकडे वळवावी.

18 मे रोजी मलबारचे उंच डोंगर दिसले. सरळ अंतर मोजले तर सुमारे 2300 सागरी मैल येते. 24 दिवसांनी भागले की दिवसाला सुमारे 95 मैल पडतात, आणि हा आकडा रेषेवर मोठ्या अक्षरांत लिहावा, कारण परतीच्या वेळी तो पुन्हा लागणार आहे. नोंदवहीत या टप्प्याचे अंतर कमीत कमी 600 लीग दिले आहे. आपल्या मोजणीने ते सातशेच्या वर जाते. रेखांश मोजता न येण्याचा परिणाम असा पूर्व-पश्चिम अंतरात दिसतो, उत्तर-दक्षिण अंतरात तितका दिसत नाही.

हिंदुस्थानचा किनारा, आणि गोव्यावर ठिपका का नको

19 मे रोजी किनाऱ्याजवळ मुसळधार पाऊस आणि गडगडाट होता. मालमला जागा नीट ओळखता आली नाही. 20 मे रोजी ताफा कालिकतच्या उत्तरेला, कप्पाडजवळ नांगरला. कंसातली तारीख 29 मे. मोसमी पाऊस उंबरठ्यावर होता, आणि याच कारणाने राजाच्या माणसांनी जहाजे उत्तरेकडच्या पंतलायिनी या अधिक सुरक्षित जागी हलवण्यास सांगितले. नकाशावर कप्पाड आणि पंतलायिनी असे दोन ठिपके हवेत. ते इतके जवळ आहेत की बाजूला मोठा करून काढलेला चौकोन लागेल.

28 मे रोजी वास्को कालिकतच्या राजाला, सामुतिरीला, म्हणजे आपल्या पुस्तकांतल्या झामोरिनला, भेटला. त्याने आणलेली भेट पट्ट्यापट्ट्यांचे कापड, टोप्या, पोवळे, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध अशी होती. दरबारी अधिकाऱ्यांनी ती पाहून हसू आवरले नाही. त्या बंदरात मक्केहून येणारा अगदी गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, असे त्यांनी सांगितले.

मराठी वाचकाने येथे एक काळजी घ्यावी. गोव्यात त्याच्या नावाचे शहर आणि रेल्वे स्थानक असल्यामुळे या सफरीचा ठिपका गोव्यावर पडतो, असे मी अनेकांच्या नकाशांत पाहिले आहे. पहिल्या सफरीत वास्को गोव्याला गेला नाही. गोवा पोर्तुगीजांनी 1510 मध्ये आल्फोन्सो द अल्बुकर्कच्या नेतृत्वाखाली घेतला. आपल्याला सर्वांत जवळचा खरा ठिपका अंजदीव बेटाचा, कारवारजवळ, 14.75 अंश उत्तर आणि 74.1 अंश पूर्व. बेट कारवारच्या समोर असले तरी प्रशासनाने गोव्यात मोडते. 29 ऑगस्टला कालिकत सोडल्यावर वारा मिळेना. ताफा किनाऱ्याजवळून, दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून येणाऱ्या खाऱ्या व मतलई वाऱ्यांवर सरकत राहिला आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात अंजदीवला आला. वाटेत 15 सप्टेंबरला एका छोट्या बेटावर सांता मारिया नावाचा स्तंभ उभारला. मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांचे नाव तेथूनच आले, असे मानले जाते. अंजदीवला जहाजे कलती करून त्यांचे तळ साफ केले. गोव्याच्या अधिपतीच्या पदरी असलेला एक बहुभाषी ज्यू येथे आला, तो पकडला गेला, आणि पुढे गास्पार द गामा या नावाने पोर्तुगीजांचा दुभाषा झाला.

परतीची रेषा

आता नैर्ऋत्य वाऱ्यांचा ताव काढून ईशान्य वाऱ्यांचा ठेवावा आणि 5 ऑक्टोबर ही तारीख पाहावी. कंसात 14 ऑक्टोबर. पहिला वारा मावळला आहे, दुसरा अजून स्थिर झालेला नाही. अरब आणि गुजराती नाखवा यावेळी बंदरात थांबले असते. वास्कोकडे मालम नव्हता आणि सामुतिरीशी झालेल्या भांडणानंतर किनाऱ्यावर थांबण्याची सोयही उरली नव्हती. अंजदीवहून निघालेल्या ताफ्याला आफ्रिकेचा किनारा मोगादिशूजवळ 2 जानेवारी 1499 ला दिसला: 89 दिवस. सरळ अंतर सुमारे 1870 सागरी मैल. भागाकार केला तर दिवसाला 21 मैल येतात, म्हणजे कोळ्याची होडी वल्हवत नेली तरी याहून वेगाने जाईल. जातानाच्या 95 या आकड्याशेजारी हा 21 लिहावा. तुटक रेषा वळणावळणाची काढावी. वारा पडणे आणि उलटा वारा यांनी हे महिने भरले होते. नोंदवहीप्रमाणे या टप्प्यावर तीस माणसे मेली, आधी तितकीच गेली होती, आणि शेवटी एकेका जहाजावर कामाला सात-आठ माणसे उरली. येथे नकाशावर काळी चौकट करावी.

7 जानेवारीला मालिंदी. 13 जानेवारीला तीन जहाजे चालवण्याइतकी माणसे नसल्याने साव राफाएल जाळून टाकले; मॉसेल बेपाशी तीनवर आणलेली जहाजांची खूण आता दोनवर आणावी. 20 मार्चला केपचा वळसा. पुढे आग्नेय वारे पाठीशी होते, म्हणून अटलांटिकमधली ही रेषा जातानाच्या कमानीपेक्षा पुष्कळ सरळ येते, आणि दोन्ही एकत्र पाहिल्या की दक्षिण अटलांटिकच्या मध्यभागी एक मोठे वेडेवाकडे वर्तुळ तयार झालेले दिसते.

25 एप्रिल 1499 रोजी, गिनीच्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, नोंदवही अचानक थांबते. तेथे एक आडवी रेघ मारावी आणि पुढची रेषा पुन्हा तुटक करून तिच्या दोन फांद्या काढाव्यात. एक फांदी बेरियोची. निकोलाव कुएल्यो 10 जुलैला लिस्बनला पोहोचला आणि बातमी त्याने आधी नेली. दुसरी फांदी वास्कोची. पावलो अत्यवस्थ होता, म्हणून ती लिस्बनकडे सरळ न जाता पश्चिमेकडे वळून अझोर्समधल्या तेर्सेइरा बेटाला, 38.7 अंश उत्तर आणि 27.2 अंश पश्चिम, पोहोचते. पावलो तेथे मरण पावला. तेर्सेइरा आणि लिस्बन जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे शेवटचा तुकडा पट्टी आडवी ठेवून काढला तरी चालतो. त्याच्या टोकाशी 1499 च्या ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा आरंभ, असे लिहावे.